ओकच्या खोडातली कमान आणि तुमची कॅप्शन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर एका अजस्र ओक वृक्षाचं जुनं चित्र छापलंय. खोडात आरपार कमान, कमानीतून घोडेस्वार चाललाय, आणि खाली कॅप्शन काय तर 'निसर्गाचा चमत्कार, रॉबिन हूडचा हजार वर्षांचा ओक'. चित्र झकास आहे, एवढं मोठं छापलंत त्याबद्दल खरंच आभार, पण कॅप्शनमधल्या सात शब्दांत दोन चुका आहेत आणि त्यातली एक तर अशी की सगळ्या चित्राचा अर्थच उलटा होतो. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, कापायचं तर कापा पण मापं कापू नका.

पहिली गोष्ट, ती कमान निसर्गाने केलेली नाही. माणसांनी करवत-कुऱ्हाड लावून पाडलेली आहे, १७२४ साली. झाडाचं नाव ग्रीनडेल ओक, इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरमध्ये वेलबेक नावाची मोठी जहागीर आहे, शेरवुडच्या जंगलाला लागूनच, तिथलं हे झाड. गोष्ट अशी सांगतात की जेवणाच्या टेबलावर मालकाने पैज मारली, माझ्याकडे एवढं मोठं झाड आहे की त्याच्या खोडातून घोडागाडी आरपार जाईल, आणि मग बोललो ते खरं करायला खोड पोखरलं. पैजेची गोष्ट बहुतेक ठिकाणी पोर्टलंडच्या ड्यूकच्या नावावर खपवलेली असते, पण गंमत म्हणजे १७२४ मध्ये वेलबेक पोर्टलंड घराण्याकडे नव्हतंच. तेव्हा ते हेन्रिएटा कॅव्हेंडिश होल्स या बाईंचं, त्यांना वारशाने आलेलं, नवरा एडवर्ड हार्ली, ऑक्सफर्डचा अर्ल. त्यांच्या मुलीचं लग्न पोर्टलंडच्या ड्यूकशी झालं ते १७३४ मध्ये. म्हणजे पैज कोणी मारली, मारली की नाही, हे राहू दे, कमान मात्र पाडली हे नक्की आणि तिची मापं आपल्याकडे आहेत.

मी बांधकाम खात्यात आरेखक म्हणून नोकरी केलेला माणूस, मला चित्राआधी आकडे दिसतात. कमानीची उंची १० फूट ३ इंच, मधोमध रुंदी ६ फूट ३ इंच, कमानीच्या वर खोडाचा घेर ३५ फूट ३ इंच, झाडाची शेंड्यापर्यंत उंची ५४ फूट. आता शाळेतलं गणित करा, ३५ फूट घेर म्हणजे व्यास साधारण ११ फूट, त्यातून सव्वासहा फूट काढून टाकले, उरले दोन्ही बाजूंना मिळून पाच फुटांच्या आसपास, म्हणजे एका बाजूला जेमतेम अडीच फुटांची भिंत आणि तिच्यावर अख्खं झाड. त्या खोडाचा गाभा आधीच पोकळ असणार, नाहीतर एवढं लाकूड काढल्यावर ते उभं राहिलंच नसतं, पण तरी अर्ध्याहून जास्त रुंदी गेली. याला तुम्ही निसर्गाचा चमत्कार म्हणता! चमत्कार असलाच तर तो एवढाच की त्यानंतरही झाड दीड-दोनशे वर्षं पालवत राहिलं, टेकू देऊन देऊन.

आणि हे करणारे लोक कोणी अडाणी नव्हेत हो. हा हार्ली म्हणजे हस्तलिखितांचा वेडा माणूस, वडिलांनी सुरू केलेला संग्रह याने वाढवत नेला, पुढे त्याच्या बायको-मुलीने तो १७५३ मध्ये १०,००० पौंडांना देशाला दिला आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचा पाया ज्या संग्रहांवर पडला त्यातला तो एक. हजारो पोथ्या वाचवणाऱ्याच्या घरात हे झाड कापलं गेलं. कमानीतून निघालेलं लाकूडही वाया घालवलं नाही, बाईंनी त्याची कपाटं करून घेतली आणि त्यावर त्याच झाडाचं चित्र लाकडातच जडवून घेतलं. म्हणजे झाडाचं लाकूड काढून त्यावर झाडाचं चित्र, आपल्याकडे एखाद्याने वाडा पाडून त्याच सागवानाच्या फ्रेममध्ये वाड्याचा फोटो लावावा तसं. पुण्यात हे नवीन नाही म्हणा.

आता चित्राबद्दल. या झाडाची चित्रं एक नाही, बरीच आहेत, आणि ती कमान पाडल्यानंतर लगेच सुरू होतात यातच सगळं आलं. १७२७ मध्ये जॉर्ज व्हर्च्यू नावाच्या नामांकित कोरक्याने हार्लीसाठीच ती कोरली. तुम्ही छापलेलं मात्र त्यानंतरचं, १७७५ च्या सुमाराचं, खाली बारीक अक्षरात नावं असतात ती तुमच्या क्रॉपमध्ये गेली. चित्रकार सॅम्युअल हिअरोनिमस ग्रिम, मूळचा स्वित्झर्लंडचा, बुर्गडॉर्फ गावचा, १७६८ ला लंडनला आला आणि मग तिथलाच झाला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलंय रूकर याने. ग्रिमबद्दल सांगायलाच हवं कारण हा माणूस मला फार आवडतो. रिचर्ड के नावाचे एक धर्मगुरू होते, त्यांचं म्हणणं की जे जे काही अजब, जुनं, बघण्यासारखं दिसेल ते काढून ठेव, चर्च, पडकी गढी, शेतातली कामं, खेळ, दगड, झाडं, सगळं. वीसेक वर्षं ग्रिम त्यांच्यासाठी फिरून फिरून काढत राहिला. त्यांची २,६६२ चित्रं, १२ खंड, के यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली, आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फोटोग्राफी यायच्या आधी एका देशाचा सर्व्हे म्हणावा असं काम, आणि सरकारी नाही, एका पाद्र्याच्या खिशातून.

ग्रीनडेलचं ते चित्र ज्या पुस्तकासाठी छापलं त्याचीही गोष्ट आहे. जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने १६६४ मध्ये 'सिल्व्हा' नावाचा वृक्षांवरचा ग्रंथ काढला, रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेसाठी, कारण आरमाराला लाकूड कमी पडायला लागलं होतं आणि लोकांनी झाडं लावावीत म्हणून कोणीतरी लिहायला हवं होतं. शंभर वर्षांनी यॉर्कचे डॉक्टर अलेक्झांडर हंटर यांनी १७७६ मध्ये त्याची नवी आवृत्ती टिपा घालून काढली आणि तिच्यात मोठ्या झाडांच्या प्लेट्स टाकल्या. आपल्या ओकची एक आणि यॉर्कशायरमधल्या काउथॉर्प ओकची एक, पानं झडलेला, हिवाळ्यातला.

हा काउथॉर्प ओक म्हणजे मापं कशी वाचावीत याचा धडा आहे. हंटर लिहितात, जमिनीलगत घेर ७८ फूट, आणि जमिनीपासून ३ फुटांवर ४८ फूट. नुसत्या तीन फुटांत तीस फूट गेले! कारण खाली मुळांचे पसरलेले फुगवटे असतात, टेप त्यांच्या बाहेरून फिरवला की ७८, जरा वर धरला की ४८, झाड तेच. तेव्हा 'जगातला सगळ्यात मोठा' असं काही वाचलं की आधी विचारायचं, टेप कुठे धरला होता? आज आपल्याकडचं वनखातं छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घेतं, ते उगीच नाही. काउथॉर्पच्या या झाडाच्या पोकळीत ७० माणसं मावली अशीही एक कथा आहे. मावली असतील, लहान मुलं धरून, दाटीवाटीने, मुंबई लोकलची सवय असणाऱ्यांना अशक्य वाटणार नाही. झाड १९५० मध्ये मेलं. पण त्याच्या फळातून उगवलेलं एक झाड न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळ ड्रुरीला, मोठं झालंय.

ग्रीनडेलकडे परत येतो. एव्हलिनच्या ग्रंथात याच झाडाची कमान पाडण्याआधीची मापं आहेत, सतराव्या शतकातली, आणि ती अशी नीट घेतलीत की वाचून हात जोडावेसे वाटतात. जमिनीपासून १ फुटावर घेर ३३ फूट १ इंच, २ फुटांवर २८ फूट ५ इंच, ६ फुटांवर २५ फूट ७ इंच. फांद्यांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत ८८ फूट. उंची ८१ फूट, आणि पुढे लिहून ठेवलंय की ही उंची शंकू आणि त्याची सावली यांच्या प्रमाणावरून काढली. म्हणजे काठी रोवायची, काठीची सावली मोजायची, झाडाची सावली मोजायची, त्रैराशिक. झाडावर चढायला नको की काही नको. आपल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत शंकुच्छायेचं गणित आहेच, शाळेत मुलांना कंटाळवाणं वाटतं, त्यांना शाळेच्या पटांगणातलं एखादं झाड मोजायला द्या मग बघा. तीन मोठ्या फांद्या मोडून गेल्यात आणि आठ शिल्लक आहेत, लाकूड ताजं आणि चांगलं आहे, हेही तिथे नोंदलंय.

आता तेव्हाची उंची ८१ आणि हंटरच्या काळातली ५४. सुमारे शंभर वर्षांत झाड २७ फुटांनी ठेंगणं झालं. सगळा दोष कमानीला देता येणार नाही, म्हातारे ओक असंही करतात, वरचा पसारा सांभाळणं जमेना झालं की शेंड्याच्या फांद्या वाळवून टाकतात, खाली नवीन छोटा मुकुट धरतात आणि पुढे कित्येक वर्षं जगतात. वाळक्या फांद्या वर हरणाच्या शिंगांसारख्या दिसत राहतात, जुन्या चित्रांत हमखास असतात, तुमच्या छापलेल्या चित्रातही नीट बघा. इंग्रज म्हणतात की ओक ३०० वर्षं वाढतो, ३०० वर्षं नुसता जगतो आणि ३०० वर्षं मरत असतो. पण खोडाची अर्धी रुंदी एका फटक्यात काढल्यावर त्या उतरणीला जोर आला नसेल असं कोण म्हणेल? पाणी वर नेणारा थर सालीखाली असतो, गाभा नव्हे, त्यामुळे झाड पोकळ झालं तरी मरत नाही, उलट आतलं मेलेलं लाकूड बुरशीने कुजून त्याचंच खत मुळांना मिळतं. पण कमान पाडताना नुसता गाभा नाही गेला, दोन्ही बाजूंची साल आणि तो जिवंत थरही गेला. पोकळी आणि कमान यात हा फरक आहे आणि तुमच्या कॅप्शनने नेमका तोच पुसला.

अजून एक, हे असले महाकाय ओक टिकले ते कोणाच्या दयेने नाही. ते टिकले कारण ते आतून पोकळ होते आणि जहाजाच्या कामाचे नव्हते. सरळसोट, भरीव ओक कापले गेले. नेल्सनचं 'व्हिक्टरी' जहाज, १७६५ मध्ये पाण्यात उतरवलं, त्याला सुमारे ६,००० झाडं लागली आणि त्यातली बहुतेक ओकच. एका जहाजाला! पुढे नेपोलियनशी युद्धं होता होता ओक इतका तुटायला लागला की इंग्रजांनी मुंबईच्या गोदीत वाडियांकडून मलबारच्या सागवानाच्या युद्धनौका बांधून घेतल्या. त्यातली 'ट्रिंकोमाली', १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली, आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, जाऊन बघता येते. त्यांचा ओक संपला म्हणून आपला सागवान गेला, हा धागा आपल्या वर्तमानपत्रांनी कधी लावलेला मी तरी पाहिला नाही, तुमच्या पुरवणीने लावावा.

आता कॅप्शनमधली दुसरी चूक, रॉबिन हूड. ते झाड वेगळं. शेरवुडमध्येच एडविनस्टो गावाजवळ 'मेजर ओक' म्हणून आहे, घेर दहा-अकरा मीटर, वय अंदाजे ८०० ते १,००० वर्षं, त्याच्या ढोलीत रॉबिन हूड लपायचा असं टुरिस्टांना सांगतात. रॉबिन हूड असलाच तर त्याच्या काळी ते झाड कोवळं असणार, ढोली कुठली. 'मेजर' हे नावही आकारावरून नाही आलं, ते मेजर हेमन रूक नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यावरून. या रूकसाहेबांनी १७९० मध्ये वेलबेकच्या ओकांची वर्णनं आणि रेखाटनं असलेलं पुस्तक काढलं, त्यात ग्रीनडेल ओक आहे, फाटकाच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन 'द्वारपाल ओक' आहेत, आणि 'ड्यूकची काठी' नावाचा सडपातळ उंच ओक आहे, १११ फुटांचा. आणखी एक भन्नाट नोंद त्यांच्याकडे आहे. शेरवुडमध्ये ओक तोडले तेव्हा काहींच्या खोडाच्या आत राजांची मुद्रा सापडली, जेम्स पहिला, विल्यम आणि मेरी, आणि एकात चक्क किंग जॉनची, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. शाही जंगल म्हणून सालीवर ठोकलेला शिक्का, त्यावरून झाड वाढत गेलं आणि शिक्का पोटात गेला. ज्याच्या मुद्रेवरून वय काढता येतं असं झाड म्हणजे ताम्रपटच की. रूकने मग किती आत गेला होता शिक्का, त्यावरून हिशोब केला, आपल्याला आवडेल असा माणूस.

तुम्ही म्हणाल परदेशातल्या झाडांचं एवढं काय. तर बघा, ज्या १७७५ च्या सुमाराला ग्रिम ग्रीनडेलसमोर बसून कमान काढत होता, त्याच वर्षी जेम्स फोर्ब्ज नावाचा मुंबईचा एक कंपनी नोकर कर्नल कीटिंगचा चिटणीस म्हणून राघोबादादांच्या बाजूने गुजरातेत निघाला होता. हा फोर्ब्जही ग्रिमच्याच जातीचा, दिसेल ते काढणारा. पुढे भडोचला असताना त्याने नर्मदेतल्या बेटावरच्या कबीरवडाचं चित्र काढलं आणि मापंही दिली, मुख्य पारंब्यांच्या बाहेरून घेर जवळजवळ २,००० फूट, मोठी खोडं ३५०, छोटी ३,००० च्या वर, आणि सावलीत ७,००० माणसं मावतील. त्याच्या रेखाटनावरून जेम्स वेल्सने मोठं तैलचित्र केलं, तेव्हा वेल्सने हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता! नंतर १७९१ मध्ये हाच वेल्स मुंबईला आला, पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं त्यानेच केली, आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली ती त्याच्या हाताखाली, गंगाराम तांबट तिथलाच शिकलेला. गंगारामने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली, पेशव्यांचा गेंडाही काढला. मला नेहमी वाटतं त्याने पुण्याच्या आसपासचा एखादा म्हातारा वड मापासकट काढून ठेवला असता तर आज आपल्याकडे दाखवायला कागद असता. २०२१ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून शहरांतल्या ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज ट्री ठरवलं, चांगलंच आहे, पण झाडाचं वय सांगायला जुनी नोंद लागते आणि आपल्याकडे मिरवणुकांचे फोटो ढिगाने, झाडाचे नाहीत.

कमानीचं वेड इंग्लंडातच थांबलं नाही हेही सांगून टाकतो. अमेरिकेत योसेमिटीला वावोना नावाच्या सिकोइया जातीच्या महाकाय झाडात १८८१ मध्ये असाच बोगदा पाडला, गाड्या जायच्या, पर्यटक फोटो काढायचे, १९६९ मध्ये ते झाड बर्फाच्या ओझ्याने पडलं. कॅलिफोर्नियातच दुसरं एक बोगदावालं झाड २०१७ च्या जानेवारीत वादळात गेलं. तेव्हा आपल्या पेपरांनी बातमी दिली होती, 'प्रसिद्ध बोगदा वृक्ष कोसळला', बोगदा कोणी पाडला हे कोणीच लिहिलं नाही.

तर विनंती अशी. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, शक्य असेल तर तेच चित्र परत, या वेळी पूर्ण, खालच्या अक्षरांसकट, कारण चित्रकार आणि कोरक्याचं नाव तिथे आहे आणि सालही. शेजारी कमानीची, घेराची आणि उंचीची मापं द्या, लोकांच्या सोयीसाठी मीटरमध्येही, कमान ३.१ मीटर उंच आणि १.९ रुंद, घेर १०.७, उंची आधी २४.७ आणि नंतर १६.५. घोडेस्वार क्रॉप करू नका, तो तिथे शोभेला नाही, त्याच्यावरूनच बघणाऱ्याला झाडाचा आकार कळतो. आणि जागा कमी पडलीच तर रॉबिन हूड काढा, मापं ठेवा.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त आरेखक), पुणे